विडंबनपटाला मोजमाप पुस्तिका वाचता यायला हवी

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीत राजकीय विडंबनपट का होत नाहीत, हा विषय निघाला की पहिलं बोट सेन्सॉरकडे जातं आणि दुसरं पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण त्याच्याही आधीची एक अडचण पटकथा लिहितानाच येते. आपल्या बहुतेक विडंबनपटांना सत्ता दिसते ती पुढाऱ्याच्या कपड्यांत आणि बोलण्याच्या ढबीत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, गाडीचं दार उघडायला चार माणसं. सत्ता ज्या कागदावरून चालते, तो कागद मात्र पडद्यावर येतच नाही. मल्याळम, तमिळ, बंगालीत आणि आपल्याकडेही जे विडंबनपट लोकांच्या बोलण्यात टिकून राहिले, त्यांच्या लेखकांना हा कागद नीट ठाऊक होता. तो रोज हाताळणारी माणसं वर्तमानपत्रात असतात, म्हणून हे पत्र आपल्याकडे.

'जाऊ तिथे खाऊ' (२००७) घ्या. विहीर चोरीला गेल्याची तक्रार, एवढीच मूळ कल्पना. ती का चालते, हे समजून घ्यायचं तर सरकारी कामाची फाईल कशी सरकते ते माहीत हवं. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मग प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी देयक. ठेकेदारांच्या तोंडी सतत असणारा 'एमबी झाली का?' हा प्रश्न याच मोजमाप पुस्तिकेबद्दल असतो. कनिष्ठ अभियंत्याने मापं घेऊन लिहायची, उपअभियंत्याने तपासायची, आणि पैसे निघतात ते त्या पुस्तिकेतल्या आकड्यांवर. विहीर किती मीटर खोल, व्यास किती, बांधकाम किती, हे एकदा शाईने लिहून सही झाली की शासनाच्या लेखी विहीर आहे. ती शेतात नसेल, तर सरळ तर्काने एकच निष्कर्ष निघतो: कुणीतरी ती नेली. पोलीस ठाण्यात ही तक्रार खोटी म्हणायची, तर आधी सरकारी नोंद खोटी म्हणावी लागते. सगळी यंत्रणा स्वतःच्याच सहीत अडकते. इथे कुणाचीही नक्कल नाही, कुणाच्या आडनावाशी खेळ नाही. फसवणूक नेमक्या कोणत्या पायरीवर होते, हे लेखकाला कळलं होतं.

याच जातीचा आणि माझ्या मते भारतीय भाषांतला सर्वांत धारदार विडंबनपट म्हणजे के. जी. जॉर्ज यांचा मल्याळम 'पंचवडी पालम' (१९८४). गावात धडधाकट पूल आहे. पंचायत अध्यक्षाला नव्या पुलावर आपलं नाव हवं, म्हणून चांगला पूल धोकादायक ठरतो, पाडला जातो, नवा बांधला जातो आणि तो कोसळतो. मूळ कथा विनोदी लेखक वेलूर कृष्णनकुट्टी यांची, संवाद व्यंगचित्रकार येसुदासन यांचे. पात्रांची नावं दुःशासन, शिखंडी, मंदोदरी अशी पुराणांतली. सत्ताधारी आणि विरोधक वरून भांडतात, पण पूल हवा यावर दोघांचं एकमत असतं. पुढे २०१६ मध्ये कोचीत पालारिवट्टम इथे उड्डाणपूल सुरू झाला आणि २०१९ मध्ये तो बंद करावा लागला. त्या प्रकरणाच्या सुनावणीत केरळ उच्च न्यायालयात याच चित्रपटाचं नाव निघालं. पस्तीस वर्षांनी एका न्यायालयाला एका विनोदी चित्रपटाची आठवण व्हावी, हे त्यातल्या पायऱ्या बरोबर असल्यामुळेच घडू शकतं.

उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये (२०११) हीच ताकद आहे. 'करडी' नावाच्या गाईला शोधता शोधता केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो आणि मंगरूळ गाव मंदिराच्या मागे लागतं. ते मंदिर कशाच्या जागी येतं? गावातल्या अण्णांनी आराखडा काढलेल्या दवाखान्याच्या जागी. हा आराखडा कथेत आहे, म्हणूनच विडंबन टोचतं. फक्त भाबडेपणाची किंवा धर्माच्या बाजाराची थट्टा असती, तर प्रेक्षक हसून घरी गेला असता. इथे एका कामाचा प्राधान्यक्रम बदलताना दिसतो, आणि तो कोण, कुठे बसून, कशाच्या मोहाने बदलतो हेही दिसतं. गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाबरोबरच संवादांसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. 'निशाणी डावा अंगठा'मध्ये (२००९) साक्षरता मोहिमेच्या आकड्यांचं असंच आहे. हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे ती रमेश इंगळे उत्रादकर या शिक्षकाची, त्यामुळे रजिस्टरं कशी भरली जातात हे तिला आतून ठाऊक होतं.

आता तमिळ 'मंडेला' (२०२१). गावात दोन गट, दोन सावत्र भाऊ निवडणुकीला उभे. दोघांच्या हक्काच्या मतांची मोजदाद करून पाहिली तर आकडा तंतोतंत सारखा. त्याच सुमारास गावात ज्याला कुणी नावानेही हाक मारत नाही, त्या केशकर्तन करणाऱ्या माणसाचे साठवलेले पैसे चोरीला जातात. टपाल कार्यालयात खातं उघडायचं तर नाव हवं, नाव हवं तर ओळखपत्र हवं. टपाल कर्मचारी स्त्री त्याला नेल्सन मंडेला हे नाव देते. ओळखपत्राच्या मागोमाग मतदार यादीत नाव येतं आणि ज्याला ओसरीवर जागा नव्हती त्याच्या हाती निकाल येतो. लेखक-दिग्दर्शक मडोन अश्विन यांनी कथेचा सांधा बचत खात्याच्या अर्जात ठेवला आहे. जातीवर भाषण नाही, पण नाव नसलेल्या माणसाला नाव मिळण्यासाठी कोणते कागद लागतात हे दाखवल्यावर जात आपोआप दिसते. पदार्पणासाठीचा आणि संवादांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. तमिळनाडूत ६ एप्रिल २०२१ रोजी विधानसभेचं मतदान होतं आणि ४ एप्रिलला हा चित्रपट दूरचित्रवाणीवर आला.

एका मताची गोष्ट कुणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली एका मताने निकाल लागला आहे, आणि २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात मतं समान पडल्यावर चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. ती चिठ्ठी काढण्याचा प्रसंग आपल्या एकाही लेखकाला खुणावला नाही, याचं वाईट वाटतं.

आपल्या पंचायतीच्या कायद्यात तर अशी स्थळं जागोजागी आहेत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची गरज उरत नाही. म्हणजे ज्याला ठराव गुपचूप करून घ्यायचा आहे, त्याच्या सोयीचं काय? लोक न येणं. दवंडी हळू द्यायची, फळ्यावर सूचना कोपऱ्यात लिहायची, दिवस बाजाराचा निवडायचा. एवढ्या तीन गोष्टींवर वीस मिनिटांचं उत्तम विडंबन उभं राहतं. त्याऐवजी आपल्या पडद्यावर ग्रामसभा म्हणजे पारावर जमलेली दोनशे माणसं आणि त्यांच्यासमोर नायकाचं भाषण.

सरपंच निवडीचंही तसंच. सदस्यांमधून सरपंच निवडला जायचा तेव्हा खरा खेळ मतदानानंतर सुरू व्हायचा: निवडून आलेल्या सदस्यांना 'सहली'ला न्यायचं, फोन काढून घ्यायचे, निवडीच्या दिवशी थेट सभागृहात उतरवायचं. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडीत सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असं होऊ शकतं, आणि मग प्रत्येक ठराव अडतो. दोन पद्धतींची कथानकं पूर्ण वेगळी आहेत. 'धुरळा'सारखा (२०२०) चित्रपट सरपंचपदाच्या एका निवडणुकीभोवती सगळं कुटुंब फिरवतो आणि तिथे बराच नेमका राहतो. पण पुष्कळ चित्रपटांत कोणत्या पद्धतीने निवडणूक चालली आहे हेच कळत नाही. गावातला प्रेक्षक हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो आणि त्याचा विश्वास उडतो. विश्वास उडाल्यावर तो हसतो, पण ते हसू पात्राच्या चेहऱ्याला असतं.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण प्रादेशिक चित्रपटाचं खरं बळ तिथे आहे. सत्यन अंतिकाड दिग्दर्शित आणि श्रीनिवासन लिखित 'संदेशम' (१९९१) या मल्याळम चित्रपटात निवडणूक हरल्यानंतरच्या बैठकीचा प्रसंग आहे. कार्यकर्ता साधा प्रश्न विचारतो, आपण का हरलो? नेता उत्तर देतो ते पक्षीय पुस्तकांतल्या जड शब्दांत, आणि कार्यकर्त्याला त्यातलं काही कळत नाही. विनोद त्या शब्दांच्या वजनात आहे. केरळच्या चळवळीत ती भाषा दशकानुदशकं ऐकलेल्या माणसाला तो पहिल्या वाक्यात कळतो. या चित्रपटावर एक आक्षेप तिथे आजही घेतला जातो: तो राजकारणाचंच वावडं शिकवतो. दोन भाऊ राजकारण सोडून घर सांभाळू लागले की सगळं ठीक होतं, असा त्याचा शेवट. मला हा आक्षेप बराचसा पटतो. सगळेच चोर, असं सांगणारं विडंबन सत्तेवर असलेल्याला सोयीचं असतं.

सत्यजित राय यांच्या 'हीरक राजार देशे'मध्ये (१९८०) भाषेची योजना याहून सूक्ष्म आहे. राजा, मंत्री, दरबारी, सगळे यमकात बोलतात. शाळा बंद पडलेला शिक्षक उदयन पंडित तेवढा गद्यात बोलतो. राजाच्या यंत्रघरात माणसांच्या डोक्यात घोषणा भरल्या जातात, त्याही यमकातल्याच. त्यामुळे जो यमक तोडतो तोच स्वतःचा विचार करतो, हे लहान मुलालाही न सांगता उमगतं.

मराठीत आपल्याकडे दोन भाषांमधली फट आहे आणि ती फार कमी वापरली जाते. तोच पुढारी सभेत गावच्या बोलीत बोलतो, अधिकाऱ्याच्या दालनात शहरी मराठीत, आणि त्याच्या सहीचं पत्र निघतं ते 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' या थाटात. पाणी आलं नाही, हे एक वाक्य या तिन्ही भाषांतून जाताना कसं बदलत जातं ते पाहा. बाई म्हणते, तीन दिस नळाला थेंब न्हाई. निवेदनात होतं, पाणीपुरवठा अनियमित आहे. उत्तरात येतं, सदर योजना कार्यान्वित असून तांत्रिक बाबींची पूर्तता प्रगतिपथावर आहे. एवढं जरी पडद्यावर एकामागून एक आलं तरी वेगळा विनोद घालावा लागत नाही. प्रत्यक्षात काय होतं? सगळ्या पात्रांना एकच ठोकळेबाज 'गावरान' भाषा दिली जाते, जी ना कोल्हापूरची असते, ना वऱ्हाडातली, ना खानदेशातली. बोली चुकली की हुद्दा, जात, तालुका, सगळेच धागे तुटतात.

आता सेन्सॉर. मराठी चित्रपट प्रमाणपत्रासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या, म्हणजे सेन्सॉर बोर्डाच्या, मुंबई कार्यालयाकडे जातो. देशात अशी नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. आधी परीक्षण समिती पाहते, निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती. पूर्वी त्याच्यावर अपील न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. छोट्या निर्मात्याला हे परवडत नाही. चित्रपटगृहांच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून तो सांगितलेला शब्द मुका करून मोकळा होतो. विडंबनात मुका केलेला शब्द फार महाग पडतो. हशा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर येत असतो आणि नेमका तोच शब्द गेलेला असतो. यावर उपाय डबिंगच्या वेळीच करून ठेवता येतो: वादाचा होईल अशा प्रत्येक शब्दाला एक पर्यायी शब्द त्याच कलाकाराकडून, त्याच बैठकीत ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात, म्हणून पर्यायी शब्दात ओठ मिटणारं अक्षर त्याच जागी यायला हवं, नाहीतर तोंड आणि आवाज वेगळे पडतात. 'महामंडळ' काढून 'संस्था' बसवता येत नाही, 'मध्यमंडळ' बसू शकतं.

पक्षाचं काल्पनिक नाव आणि चिन्हही लिहितानाच तपासून घ्यावं. नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचीच संख्या दोन हजारांच्या आसपास आहे, सहज सुचलेलं नाव त्यात निघण्याची शक्यता मोठी. कपबशी, शिट्टी, नारळ ही चिन्हं अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांतली आहेत. ती वापरली तर कुठला तरी उमेदवार हे आपल्यावरच आहे म्हणून उभा राहणार.

मंडळाला लेखी उत्तर देताना एक आधार निर्मात्यांनी विसरू नये. चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून पाहावा, असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. आणि प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट केवळ विरोधाच्या धमकीमुळे थांबवता येत नाही, संरक्षण देणं हे राज्याचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

खरी नड प्रमाणपत्रानंतर येते. अनीक दत्त यांचा बंगाली 'भविष्यतेर भूत' १५ फेब्रुवारी २०१९ रोजी लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून चित्रपटगृहांतून उतरवला गेला. प्रदर्शनाआधीच पोलिसांनी निर्मात्यांकडे वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी खेळ दाखवण्याची मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये राज्य सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. निकाल उत्तम, पण तोवर चित्रपटाचे पहिले आठवडे वाया गेले होते. तमिळ 'सरकार' (२०१८) प्रमाणपत्र मिळवून लागला होता, तरी फुकट वाटलेल्या वस्तू जाळण्याचं दृश्य सत्ताधारी पक्षाच्या निदर्शनांनंतर कापावं लागलं. केरळमध्ये 'न्ना तान केस कोड' (२०२२) या चित्रपटात एक चोर रस्त्यातल्या खड्ड्यापायी थेट बांधकाम मंत्र्याला न्यायालयात खेचतो. रिक्षा खड्डा चुकवते, चोर रिक्षा चुकवायला भिंतीवरून उडी मारतो, पलीकडे आमदाराचे कुत्रे चावतात. वाटेत खड्डे आहेत, तरी चित्रपटगृहात या, अशा अर्थाच्या त्याच्या जाहिरातीवरून सरकारच्या समर्थकांनी गदारोळ केला. तो चित्रपट मात्र चालत राहिला.

सत्तेने मन मोठं केल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती आजच्या मंत्र्यांना वारंवार सांगायला हवीत. 'हीरक राजार देशे'चं निर्मातं पश्चिम बंगाल सरकार होतं. मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी ओढली जाते हे दाखवणाऱ्या 'सिंहासन'चं (१९७९) चित्रण खऱ्या मंत्रालयात झालं, ते तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी परवानगी दिली म्हणून.

आता मूळ मुद्दा. 'सिंहासन' ज्यांच्या कादंबऱ्यांवर आहे ते अरुण साधू पत्रकार होते. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे वात्रटिका लिहिणारे. साखर कारखान्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या हिंदुरावासमोर 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा त्या चित्रपटातला प्रश्न मुळात बातमीदाराचाच प्रश्न आहे. 'मुहम्मद बिन तुघलक' (१९७१) करणारे चो रामस्वामी तमिळमध्ये साप्ताहिक चालवत होते. त्यांच्या तुघलकाच्या राज्यात पक्ष बदलून येणाऱ्या प्रत्येकाला उपपंतप्रधानपद मिळतं. येसुदासन व्यंगचित्रकार. राजकीय विडंबनपट वर्तमानपत्राच्या शेजारी वाढला आहे. आज आपला पटकथालेखक तालुक्याच्या पानापासून तुटला आहे आणि दूरचित्रवाणीवरच्या नेत्यांच्या नकलांवर पोसला जातो आहे.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली: राजकीय विडंबनपट लागला की चित्रपट समीक्षकासोबत जिल्हा परिषद किंवा महापालिका पाहणाऱ्या बातमीदारालाही पाठवा आणि त्याच्याकडून एक छोटी चौकट लिहून घ्या. निविदा, ठराव, निवडणूक, चौकशी यांतलं काय बरोबर दाखवलं, काय चुकलं, एवढंच. लेखक-दिग्दर्शक ते नक्की वाचतील आणि पुढच्या वेळी पटकथा लिहायला बसण्याआधी कुणाला तरी फोन करतील. दुसरी: तालुका प्रतिनिधींकडे अशा कितीतरी हकिकती असतात ज्या बातमी म्हणून चार ओळींत संपतात. तहकूब सभेत मंजूर झालेला ठराव, दोनदा बिल निघालेला एकच रस्ता, उद्घाटन होऊन कुलूप राहिलेलं उपकेंद्र. रविवारच्या पुरवणीत या हकिकतींना तारीखवार, कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला त्या क्रमाने, एक पान द्या. नावं काढून टाकली तरी चालतील, क्रम तेवढा राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक